एकमताने वाचवलेलं दुकान

दुकान आणि वस्तू यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हा समज मागासलेपणाचं लक्षण आहे. सुधारलेल्या समाजात माणूस वस्तू आणायला दुकानात जात नाही; दुकानात जाऊन आल्याचं समाधान मिळवायला जातो. वस्तू आपोआप घरी येतात. कोणीतरी त्या खोक्यात घालून आणून देतं, आणि आपण घरी नसलो तर शेजारी ठेवून जातं. (शेजारी नेमके कशासाठी असतात, हा जुना प्रश्न आमच्या शहराने असा सोडवला आहे.) यामुळे दुकानं वस्तूंच्या जाचातून मोकळी झाली, आणि मोकळी झाल्यावर फार सुंदर दिसू लागली.

हे मी अधिकाराने सांगतो. ॲमस्टरडॅमच्या दोन कालव्यांना जोडणारी जी पाणमांजर गल्ली आहे, तिथे माझं स्वतःचं दुकान आहे आणि गल्लीच्या मंडळाचा मी अध्यक्ष आहे. माझं नाव वीबे. माझ्याकडे फक्त झाकणं मिळतात. किटलीची, बरणीची, रांजणाची, जुन्या चहादाणीची. भांडं एकही नाही. एकदा एक बाई झाकण हरवलेलं खरंखुरं पातेलं पिशवीतून घेऊन आल्या आणि एकेक झाकण बसवून बघायला लागल्या. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शक्य तितक्या सौम्य शब्दांत समजावलं की इथली झाकणं कशावर बसण्यासाठी नाहीत. त्या रडकुंडीला आल्या. वाईट मलाही वाटलं; पण एकीला झाकण बसवून दिलं की दुसऱ्या दिवशी दहा जणी पातेली घेऊन दारात उभ्या राहतात.

माझ्या डाव्या हाताला हिल्लेचं दुकान. तिच्याकडे सगळं निळं. काय आहे ते महत्त्वाचं नाही, निळं आहे. उजव्या हाताला ऑन्नो. त्याच्याकडे ज्यांची कुलपं जगात उरलेली नाहीत अशा किल्ल्या. समोर एका बाईंकडे सदरा-विजार घातलेले लोकरीचे उंदीर असतात. त्यांच्या पलीकडचा गृहस्थ बाटल्यांतून वास विकतो (ओल्या लाकडाचा, बंद शाळेचा, आणि आधी सांगितल्यास आत्याच्या कपाटाचा). गल्लीत कसलीही स्पर्धा नाही. एकाचा धंदा दुसऱ्याच्या आड येत नाही, कारण धंदा असा कोणाचाच नाही.

मग तुम्ही जगता कशावर, असं गावाकडचे नातेवाईक विचारतात. त्यांना न्यासाबद्दल माहिती नसते. गल्लीतली सगळी घरं ‘विलक्षण दुकान संरक्षण न्यासा’च्या मालकीची आहेत. दुकान विलक्षण असल्याचा दाखला असेल तर न्यास नावापुरतं भाडं घेतो. दाखला नसेल तर जागा वॅफलवाल्याला जाते. वॅफलवाला म्हणजे गरम वॅफलवर चॉकलेट ओतून देणारं साखळी दुकान. शेजारची गल्ली त्यांच्या हाती पडली तेव्हापासून तिथली कबुतरं उडत नाहीत, चालत जातात.

दाखल्यासाठीच्या अटी साध्या आहेत. दुकानात एकाच प्रकारची वस्तू असावी. ती शक्यतो कोणाला लागत नसावी. मालकाने आधी एखादी चांगली नोकरी केलेली असावी आणि ती कंटाळून सोडलेली असावी. दुकानात मांजर असावं. नसल्यास मांजरासारखा वागणारा मालक चालेल. (ऑन्नो या पोटकलमाखाली पास झाला.)

न्यास केवळ अटी घालून थांबत नाही, अभ्यासही करतो. गल्लीतून फिरणाऱ्यांची त्याने शास्त्रीय पाहणी केली, तेव्हा शंभरांत एकसष्ट जण नुसतं बघणारे निघाले. बावीस जण नुसतं बघणाऱ्यांची वाट बघणारे होते. हे बहुतेक नवरे असून ते कालव्याच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघतात. अकरा जण फोटो काढणारे. पाच जण पाऊस आला म्हणून आत शिरलेले. उरलेल्या एकाने वस्तू विकत घेतली, आणि पुढच्या आठवड्यात तो ती परत करायला आला. हे आकडे पाहून न्यासाने गल्लीचं अभिनंदन केलं. ‘सहज बघतोय’ हे वाक्य आमच्याकडे दारातून आत येता येता म्हणायचं असतं, चर्चमध्ये शिरताना टोपी काढतात तसं. जो ते म्हणत नाही त्याच्यावर आम्ही लक्ष ठेवतो.

या सुखाच्या दुधात मिठाचा एकच खडा होता. तो म्हणजे फेन्ना.

फेन्ना स्टोफेल्सचं दुकान गल्लीच्या टोकाला, पुलाला लागून. आत भिंतभर लहान लहान लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या वस्तूचा नमुना ठोकलेला. खिळे, बिजागऱ्या, नळाचे वायसर, उंदरांचे सापळे, कपडे वाळत घालायची दोरी, दिवे, सायकलच्या पंक्चरचं सामान, मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप. फेन्ना तपकिरी डगला घालून गल्ल्यामागे उभी. सत्तरी गाठलेली बाई, पण शिडीवर चढायची ती विशीतल्यासारखी. एखादी वस्तू नसली तर म्हणायची, “उद्या ये, मागवून ठेवते.” आणि खरोखरच मागवून ठेवायची. यावरूनच तिच्या मागासलेपणाची कल्पना यावी.

अडचण अशी की फेन्नाच्या दुकानात माणूस जायचा, हवं ते सांगायचा, घ्यायचा आणि बाहेर पडायचा. अशाने फिरण्याची सगळी लय जाते. हातात मोरीचा पंप घेऊन चाललेला एक माणूस गल्लीतून गेला की त्याच्या मागचे दहा जण भानावर येतात. त्यांना आपापली मोरी आठवते. हिल्लेने एकदा तिला सुचवून पाहिलं, की पंप निदान कागदात गुंडाळून देत जा. फेन्ना म्हणाली, “गुंडाळला तरी आकार कळतोच की, हिल्ले. उलट लोक वाट्टेल ते समजतील.”

असं असलं तरी फेन्नावर गल्लीचा जीव होता, हे इथे स्पष्ट नोंदवलं पाहिजे. आमच्या सगळ्यांच्या घरांच्या जादा किल्ल्या तिच्याकडे. शिडी तिची, वापरणार आम्ही. आणि आमची खोकी तिच्याकडे. गल्लीत आम्ही बाकीचे अकरा वाजता दुकान उघडतो, आणि खोकी आणणारा त्याआधीच येऊन जातो; फेन्ना मात्र पहाटेपासून उभी असायची. तेव्हा सगळ्या गल्लीची खोकी तिच्या गल्ल्याशेजारी रचलेली. खोक्यावर आतल्या मालाचं नाव छापलेलं असतं: स्क्रू, वायसर, दिवे, दोरी. फेन्ना चष्मा कपाळावर सरकवून ते वाचायची, आणि काही न बोलता खोकं पुढे करायची. फार तर म्हणायची, “वीबे, तुझ्या बिजागऱ्या आल्यात. जड आहे हं. सांभाळून.” यात टोमणा होता असं ऑन्नोचं मत होतं. मला तसं वाटलं नाही, कारण खोकं खरंच जड होतं.

शेवटी न्यासाने तपासणीला माणूस पाठवला. त्याचं नाव कूनराड. तरुण, नम्र, डोळ्यांवर नारिंगी काड्यांचा चष्मा. मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी सोबत होतोच.

“तुमचं दुकान नक्की कशाबद्दल आहे?” त्याने विचारलं.

“बद्दल?” फेन्ना म्हणाली. “दार लागत नसेल तर बिजागरी देते मी.”

“ते झालंच. पण त्यामागची गोष्ट काय?”

“गोष्ट हीच, की दार लागत नाही.”

कूनराडने काहीतरी लिहून घेतलं. “मांजर आहे?”

“सापळे आहेत. दूध मागत नाहीत आणि सोफा ओरबाडत नाहीत. देऊ एक?”

त्याने घेतला नाही. याआधी तुम्ही कुठली नोकरी सोडलीत, असं विचारल्यावर तिने सांगितलं की ती याच दुकानाच्या माळ्यावर जन्मली आणि तिथून जिन्याने खाली आली, एवढाच तिचा प्रवास. मग तिने त्याला आमच्या देशातली जुनी म्हण ऐकवली: साधं वागावं, वेडेपणा तेवढाच पुरे होतो. कूनराडने ती आदराने ऐकली आणि अहवालात नमूद केलं, की सदरहू म्हण व्यक्तींना लागू असून दुकानांना लागू नाही.

अहवाल आला. ‘सदरहू दुकानात शिरणाऱ्यास आपल्याला काय हवे आहे हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे शोधाचा आनंद संभवत नाही. तसेच दुकानातून नेलेल्या वस्तू घरी गेल्यावर उपयोगी पडतात, अशा तक्रारी आहेत.’ सबब ट्युलिप फुलेपर्यंत दुकान विलक्षण करावं, अन्यथा जागा वॅफलवाल्यास देण्यात येईल.

फेन्ना तो कागद घेऊन माझ्याकडे आली. माझ्या दुकानात ती कधी आत येत नसे. झाकणं बघून तिला भांड्यांची काळजी वाटते म्हणे. त्या दिवशी आली, आणि उभीच राहिली.

“वीबे, मला दुसरं काही येत नाही रे,” ती म्हणाली. “वॅफल करायचं म्हटलं तरी माझ्या हातून करपेल. माझं दुकान तेवढं राहू दे. काय करू, सांग तू.”

इतक्या वर्षांत या बाईने स्वतःसाठी कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “काळजी करू नकोस, फेन्ना. आपण बैठक घेऊ.”

तिचा चेहरा आणखी उतरला. पण बैठकीला ती आली.

आमच्या बैठकांबद्दल परक्या लोकांचे गैरसमज आहेत. आमचा देश समुद्राच्या पातळीखाली. जुन्या काळी बांध फुटला की भांडणारे दोघेही बुडत, म्हणून आमच्या पूर्वजांनी ठरवलं की कोणाला मत देऊन हरवायचं नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं आणि प्रत्येकाने थोडं थोडं सोडायचं. पाणी आता येत नाही, पण बैठक येते. तिचेही नियम आहेत. प्रत्येकाला एक कप कॉफी आणि एक बिस्किट मिळतं. बिस्किट घेतल्यावर डबा बंद होतो. (त्या डब्याचं झाकण माझ्या दुकानातलं आहे. कशावर तरी बसवून दिलेलं हे माझं एकमेव झाकण.)

विषय असा होता: फेन्नाने कोणती एक वस्तू ठेवावी?

“खिळे ठेवते नुसते,” फेन्ना म्हणाली. “खिळे विकता विकता मरेन, चालेल मला.”

“मनाला लावून घेऊ नकोस हं फेन्ना,” ऑन्नो म्हणाला, “पण माझ्या किल्ल्या खिळ्यांनाच टांगलेल्या आहेत. उद्या तुझे खिळे बघण्यासारखे झाले, की लोक माझ्याकडे येऊन किल्ली बाजूला सारतील आणि खिळा बघतील.”

यात तथ्य होतं. खिळे वगळले.

“बरं, मग दोरी.”

“दोरी निळी आहे तुझी,” हिल्ले म्हणाली.

“पांढरीपण आहे की.”

“पांढरी धुतली की निळसरच दिसते. मी भांडत नाहीये गं, नुसतं सांगतेय.”

दोरी वगळली. सापळ्यांचं नाव निघताच उंदीरवाल्या बाईंनी रुमाल काढला, तेव्हा त्यावर चर्चा नको असं ठरलं. दिव्यांना वासवाल्याने हरकत घेतली; उजेड झाला की लोक नाक वापरायचं सोडून देतात, असा त्याचा अनुभव होता. वायसर गोल असल्याबद्दल कोणाचीतरी लेखी तक्रार होती. बिजागऱ्यांच्या वेळी मी खुर्चीतून उठलो आणि अध्यक्ष या नात्याने नव्हे, तर झाकणवाला या नात्याने नम्रपणे निदर्शनास आणलं, की बिजागरी एकदा गल्लीत रुजली की तिच्यामागून झाकण येतंच. मोरीच्या पंपाला तत्त्वतः विरोध नव्हता. पण गल्लीचं नाव आणि तो पंप एका पाटीवर येऊ नये, इतकंच सगळ्यांना वाटलं.

असे एकेक करत सगळे खण संपले. प्रत्येकाने थोडं सोडलं. फेन्नाने जरा जास्त सोडलं, पण तिच्याकडे मालही जास्त होता.

मग हिल्ले म्हणाली, “तिने काहीच विकलं नाही तर?”

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. हे कोणालाच हवं होतं असं नाही, पण कोणाची हरकतही नव्हती. आणि आमच्याकडे एकमत म्हणतात ते यालाच. दुकान जसंच्या तसं ठेवायचं, खण, डगला, तराजू सगळं. फक्त विकायचं नाही. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी हात वर करावा, असं मी म्हटलं. बाकी सगळ्यांचे हात वर झाले. फेन्ना आपल्या बिस्किटाकडे बघत बसली होती.

“तुझी काही हरकत, फेन्ना?”

“माझं दुकान वाचवायला तुम्ही सगळे आपापली कामं टाकून आलात,” ती म्हणाली. “मी एकटी आडवी कशी येऊ?” आणि तिनेही हात वर केला.

मला भरून आलं. मी डबा पुन्हा उघडला आणि प्रत्येकाला दुसरं बिस्किट दिलं. गल्लीच्या इतिहासात हे याआधी घडलेलं नाही.

ट्युलिप फुलायच्या आत दारावर पितळी पाटी लागली: ‘विक्रीला नाही’. आत फेन्ना डगला घालून उभी राहायची. थोड्या थोड्या वेळाने एखादा खण उघडायचा, मूठभर खिळे तराजूत टाकायचे, कागदाच्या पुडीत बांधायचे, “आणखी काही?” असं समोरच्या मोकळ्या जागेला विचारायचं, आणि मग पुडी सोडून खिळे पुन्हा खणात. लोक श्वास रोखून बघायचे. एका गृहस्थाला तर “आणखी काही?” ऐकून आपले वडील आठवले आणि तो बाहेर जाऊन कठड्याशी उभा राहिला. कूनराड आला, चष्मा पुसला आणि म्हणाला, “हे दुकान इच्छेबद्दल आहे.” दाखला मिळाला. रांग पुलापर्यंत जाऊ लागली. असतील शितं तर जमतील भुतं असं म्हणतात. आमच्याकडे शितं बंद केल्यावर भुतं जमली. फेन्नाकडून निघालेली माणसं आमच्या दुकानांतही बघून जाऊ लागली आणि सगळ्या गल्लीचं बघणं वाढलं.

एकच बारीकसा प्रसंग झाला. पुलाखाली नांगरलेल्या घरनावेत राहणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. ते रुमालात बांधलेला झिजलेला वायसर घेऊन आले, रांगेत उभे राहिले, पाळी आल्यावर रुमाल सोडून गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, “फेन्ना, असाच एक दे. रात्रभर टपटपतोय मेला.”

फेन्नाचा हात सवयीने खणाकडे गेला. मग तिला पाटी दिसली, आणि दाराशी उभा असलेला मी दिसलो. हात तसाच हवेत राहिला.

“नाही,” ती म्हणाली.

“उद्या येऊ?”

“उद्यापण नाही.”

बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. आतापर्यंतचा सर्वांत परिणामकारक प्रयोग, असं दोघे-तिघे म्हणाले. टाळ्या आपल्याला आहेत असं समजून म्हाताऱ्याने टोपी काढून अभिवादन केलं आणि रुमाल घडी करत तो गेला. फेन्ना भिंतीकडे तोंड करून बसली. तोही प्रयोगाचाच भाग समजून लोक हळू आवाजात निघून गेले. मला खरं सांगायचं तर ते दृश्य बघवलं नाही, म्हणून मी माझ्या दुकानात गेलो.

पुढे माझ्याच दुकानाच्या दाराची बिजागरी निखळली. मी रीतीप्रमाणे फोनवरून मागवली. पण फेन्नाकडे खोकी ठेवणं आता बंद झालं होतं (दृश्य बिघडतं म्हणून, हाही एकमताचा निर्णय), तेव्हा खोकं शेजारच्या गल्लीत वॅफलवाल्याकडे जाऊन पडलं. ते चॉकलेटसकट माझ्या हाती आलं आणि आतली बिजागरी दाराला लागते त्याच्या दुप्पट निघाली. मी फेन्नाकडे गेलो. बघे निघून गेले होते. ती पुडीतले खिळे खणात ओतत होती.

“ती बघ तुझी बिजागरी,” ती म्हणाली. “तिसऱ्या ओळीत, खिडकीकडून दुसरी.”

“दे ना मग.”

“विक्रीला नाही.”

“अगं, मी वीबे. मी काय गिऱ्हाईक आहे?”

“नाहीस ना. तेच तर म्हणते मी,” फेन्ना म्हणाली. “तू गिऱ्हाईक असतास, हिल्ले असती, ऑन्नो असता, तर मला कशाला विलक्षण व्हावं लागलं असतं?”

मी तिला शांतपणे आठवण करून दिली, की निर्णय एकमताने झाला होता आणि तिनेही हात वर केला होता.

“केला होता की,” ती म्हणाली. “बुडताना सगळेच करतात.”

ट्युलिपच्या पाकळ्या गळल्या तेव्हा फेन्ना गेली. गेली म्हणजे उत्तरेला, दलदलीच्या कडेच्या एका खेड्यात, भाचीकडे. तिथे तिने गोठ्याशेजारी दुकान थाटलं आहे म्हणे. लोक येतात, भावावरून कटकट करतात, वस्तू घेतात आणि जातात. फिरायला म्हणून कोणी जात नाही. आमच्या किल्ल्या तिने प्रत्येकाच्या दारातून आत टाकल्या होत्या. शिडी मात्र घेऊन गेली. ऑन्नोला हे जरा लागलं, कारण त्याच्या वरच्या खिळ्यांवरच्या किल्ल्यांना आता हात पोचत नाही.

न्यास सुरुवातीला काळजीत पडला. पण तिचा डगला खुंटीला टांगून ठेवला, खणांवर काचा बसवल्या आणि पुन्हा पाहणी केली, तर असं दिसलं की फेन्ना असताना लोक जेवढे थांबत त्यापेक्षा रिकाम्या डगल्यापुढे जास्त थांबतात. मालक नसल्यामुळे दुकान पूर्णत्वाला पोचलं, असं कूनराड म्हणतो. वॅफलवाल्याचा अर्ज फेटाळण्यात आला. दुकान वाचलं, आणि बैठक त्यासाठीच होती. घरनावेतल्या म्हाताऱ्याचा नळ अजून गळतो. वासवाल्याला त्यात ओल्या लाकडाची एक नवी छटा सापडली आहे.

तुम्हीही आता बराच वेळ गल्लीत फिरलात. सगळं हाताळलंत, फेन्नासाठी हळहळलात, आणि ही हळहळ किती छान वाटते हेही तुमच्या लक्षात आलं असेल. मी तुमची नोंद एकसष्टांत केली आहे. (कोणाची वाट बघता बघता वाचत असाल तर बावीसांत.) आता निघताना माझं दार आधी थोडं वर उचला आणि मग ओढा, ते एका स्क्रूवर उभं आहे.

आणि घरी जाण्याआधी तुमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर थांबा. तुम्ही इथे होतात, तेव्हा तुमचं खोकं आलं, आणि आणणाऱ्याने ते नेहमीप्रमाणे तिथल्या दुकानात ठेवलं. कुठलं दुकान, ते तुम्हाला माहीत आहे. आतली वस्तू तिथेही मिळते, हेही तुम्हाला माहीत आहे. दुकानदार काही बोलणार नाही. चष्मा कपाळावर सरकवून तो नाव वाचेल आणि खोकं तुमच्यापुढे करेल.

“जड आहे हं,” तो म्हणेल. “सांभाळून.”